गावाशेजारचे गोदाम वाढते तेव्हा स्थानिक तरुणांना टिकणारी नोकरी कशी मिळवून द्यावी

मुंबई-नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना माणकोली, अंजूर, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ आणि काल्हेरपासून थेट वडपे-पडघ्यापर्यंत भिवंडी तालुक्यात गोदामांची जी रांग उभी राहिली, तिचे मूळ करांच्या रचनेत आणि रस्त्यांत आहे. मुंबईच्या जकात नाक्याबाहेर माल साठवणे परवडत असल्याने येथे आधी लहान गाळे बांधले गेले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर जकात संपली, राज्यागणिक वेगळे गोदाम ठेवण्याची निकड कमी झाली आणि विखुरलेला साठा एका छताखाली आणणारी मोठी गोदामे कंपन्यांना सोयीची वाटू लागली. ई-कॉमर्स कंपन्यांनी हीच सोय हेरली. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. आमणे हे गाव भिवंडी तालुक्यातच असल्याने हा विस्तार इतक्यात थांबणार नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या लॉजिस्टिक धोरणातही सुमारे ५ लाख रोजगारांचे उद्दिष्ट ठेवले आहे.

तथापि उद्दिष्टातला किंवा घोषणेतला आकडा आणि गावातल्या मुलामुलींच्या हाती प्रत्यक्ष पडणारी नोकरी यांत मोठे अंतर असते. हे अंतर आपोआप भरून निघत नाही. ते भरून काढण्याचे काम ग्रामपंचायत, तरुण मंडळे आणि महिला बचत गट करू शकतात, मात्र त्यासाठी गोदामाचे फाटक उघडण्याच्या कितीतरी आधी तयारीला लागावे लागते. त्यांच्या उपयोगासाठी ही माहिती क्रमाने मांडली आहे.

आधी आकडा उलगडून घ्यावा

कंपनी ‘हजार रोजगार’ म्हणते तेव्हा त्यात बांधकामावरचे तात्पुरते मजूर, ट्रकचालक, सुरक्षारक्षक, सणासुदीला दोन महिन्यांसाठी घेतले जाणारे कामगार आणि ठेकेदारामार्फत येणारी माणसे अशी सगळी बेरीज असू शकते. म्हणून ग्रामपंचायतीने गोदामाच्या व्यवस्थापनाला लेखी पत्र देऊन काही नेमके प्रश्न विचारावेत. कंपनीच्या स्वतःच्या पगारपत्रकावर किती जण असतील आणि ठेकेदारामार्फत किती, हा पहिला प्रश्न. वर्षभर चालणारी पदे किती आणि दसरा-दिवाळीच्या विक्रीपुरती किती, हा दुसरा. पाळ्या किती आणि रात्रपाळीला वाहनाची सोय आहे का, हा तिसरा. चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, पण माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे: पार्सल वेगळी करण्याचे काम माणसे करणार आहेत की यंत्राचा पट्टा? यांत्रिक वर्गवारीची व्यवस्था बसवलेल्या गोदामात तेवढ्याच मालासाठी हातांची गरज कमी लागते आणि यंत्रांची देखभाल करणाऱ्यांची गरज वाढते. हे आधीच कळले तर गावाने बारावी झालेल्या मुलांची यादी करायची की आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन आणि फिटर झालेल्यांची, हे ठरवता येते.

व्यवस्थापन पहिल्याच पत्राला उत्तर देईल असे नाही. तरीही पत्राची पोच घ्यावी, ते ग्रामसभेच्या कामकाजात नोंदवावे आणि पुन्हा पाठवावे. विस्ताराच्या परवानग्यांसाठी कंपनीचे किंवा जागामालकाचे ग्रामपंचायतीशी येणे-जाणे असतेच. त्या ओघात हे प्रश्न मांडले तर त्यांना वजन येते. आणखी एक गोष्ट याच वेळी पाहून घ्यावी. भिवंडी परिसरातील अनधिकृत गोदामांचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेलेला आहे आणि या पट्ट्यात गोदामांना लागलेल्या आगींच्या बातम्या वारंवार येतात. ज्या इमारतीला बांधकाम परवानगी किंवा अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला नाही, तेथील नोकरी कधीही बंद पडू शकते आणि जिवावरही बेतू शकते. आपली मुले तेथे पाठवण्याआधी ही कागदपत्रे मागण्याचा गावाला पूर्ण नैतिक अधिकार आहे.

आत काम काय असते ते मुलांना दाखवावे

पुष्कळ मुले ‘गोडाऊनचे काम’ म्हणजे पोती उचलणे असे समजून एक तर जातच नाहीत, किंवा ‘ऑनलाइन कंपनीतली नोकरी’ म्हणजे खुर्चीवरचे काम असे समजून जातात आणि आठवड्याभरात परततात. दोन्ही गैरसमज आधीच दूर केले पाहिजेत.

माल ट्रकमधून डॉकवर, म्हणजे चढ-उताराच्या ओट्यावर, उतरतो, त्याची मोजणी आणि तपासणी होते, मग तो रॅकवर ठरलेल्या खान्यात ठेवला जातो. ग्राहकाची मागणी आली की पिकर तो माल खान्यातून काढतो, पॅकर खोक्यात भरून लेबल लावतो, पुढे पिनकोडनुसार वर्गवारी होते आणि गाडी भरून निघते. परत आलेल्या मालाचा विभाग वेगळा असतो. तेथे खोके उघडून वस्तू पुन्हा विकण्याजोगी आहे की नाही हे ठरवावे लागते, आणि बारीक नजरेच्या माणसाला तेथे चांगला वाव असतो.

पिकरचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. त्याच्या हातातल्या स्कॅनरवर एक पत्ता उमटतो, समजा ‘बी १४-०३-०७’. त्याचा अर्थ बी विभाग, चौदावी मार्गिका, तिसरा मजला, सातवा खाना. तेथे जाऊन आधी खान्यावरचा बारकोड स्कॅन करायचा, मग वस्तूवरचा. दोन्ही जुळले तरच पडद्यावर पुढचा पत्ता येतो. एकाच साबणाच्या दोन सुगंधांची खोकी शेजारी असतील आणि घाईत चुकीचे उचलले गेले, तर यंत्र तेथेच अडवते आणि ती चूक त्या कामगाराच्या नावावर नोंदली जाते. तासाला किती वस्तू काढल्या याचीही मोजणी होते, आणि त्या आकड्यालाच टार्गेट म्हणतात. म्हणजे या कामाला इंग्रजी संभाषण लागत नाही. लागते ती इंग्रजी अक्षरे आणि अंक झटकन वाचण्याची सवय, पूर्ण पाळीभर चालण्याची आणि उभे राहण्याची ताकद, आणि कंटाळा आला तरी न ढळणारे लक्ष. गावच्या शाळेत किंवा समाजमंदिरात खोक्यांवर असे पत्ते चिकटवून, मोबाइलवरच्या मोफत बारकोड ॲपने दोन-तीन संध्याकाळी सराव करून घेतला, तर पहिल्या आठवड्यातली धास्ती पुष्कळ कमी होते.

कामाचा त्रासही लपवू नये. पत्र्याच्या छताखाली एप्रिल-मे महिन्यांत उकाडा भयंकर असतो. जून २०२४ मध्ये हरियाणातील मानेसर येथील एका मोठ्या ई-कॉमर्स गोदामात गाड्या रिकाम्या होईपर्यंत पाणी पिण्यासाठी आणि स्वच्छतागृहात जाण्यासाठी थांबणार नाही, अशी शपथ कामगारांना घ्यायला लावल्याचे वृत्त आले आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने त्याची दखल घेऊन केंद्रीय कामगार मंत्रालयाला नोटीस बजावली. म्हणून पंखे, पिण्याचे पाणी, बसण्याची जागा आणि विश्रांतीची वेळ यांविषयी आधीच विचारणे हा आगाऊपणा नाही. ज्या गोदामात ही सोय धड असते तेथेच माणसे टिकतात, आणि जाणते व्यवस्थापक हे ओळखून असतात.

यादी, कागदपत्रे आणि वेळ

भरतीचा हंगाम ठरलेला असतो. ई-कॉमर्सच्या मोठ्या विक्रीचा काळ साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो आणि त्याच्या एक-दोन महिने आधी माणसे घेण्याची घाई सुरू होते. त्या घाईत ठेकेदार ज्यांची माणसे तयार असतील त्यांच्याकडून घेतो, मग ती कोणत्याही जिल्ह्यातली असोत. गावाची यादी जूनअखेर तयार असली पाहिजे, ती यासाठी.

यादीत नाव, वय, शिक्षण, कोणती पाळी चालेल आणि वाहन चालवण्याचा परवाना आहे की नाही, एवढे पुरे. वय १८ पूर्ण असल्याची खात्री मात्र काटेकोरपणे करावी. प्रत्येकाचे आधार कार्ड, पॅन कार्ड आणि बँक खाते यांवरील नाव अक्षरशः सारखे आहे का हे पाहणे हे यादीपेक्षाही मोठे काम आहे. एका कागदावर वडिलांचे नाव आहे आणि दुसऱ्यावर नाही, आडनावाचे स्पेलिंग वेगळे आहे, जन्मतारखेत फक्त वर्ष आहे, अशा कारणांनी भविष्य निर्वाह निधीचे खाते अडकते आणि मग पैसे काढताना वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागतात. पावसाळ्यापूर्वी एखाद्या रविवारी आधार दुरुस्तीचे शिबिर लावून घेतले तर पुढचा सगळा मनस्ताप वाचतो.

राज्याच्या महास्वयं संकेतस्थळावर प्रत्येकाची नोंदणी करून ठेवावी. याच व्यवस्थेतून २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू झाली, जिच्यात बारावी उत्तीर्णांना दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवण्यात आले. अशी योजना शिकण्यासाठी उत्तम आहे, परंतु ती नोकरी नव्हे. प्रशिक्षण संपल्यावर किती जणांना कायम केले जाईल हे न ठरवता एखादे गोदाम वारंवार नवे प्रशिक्षणार्थी मागत असेल, तर गावाने सावध राहावे.

बैठकीत काय मागावे आणि काय मागू नये

राज्याच्या औद्योगिक प्रोत्साहन योजनांचा लाभ घेणाऱ्या उद्योगांनी पर्यवेक्षकीय पदांखालील किमान ८० टक्के जागा स्थानिकांना द्याव्यात असे शासनाचे धोरण आहे. या धोरणाचा आधार घेताना दोन बाबी लक्षात ठेवाव्यात. ‘स्थानिक’ म्हणजे येथे महाराष्ट्राचा अधिवास असलेली व्यक्ती. केवळ त्या गावची किंवा तालुक्याची नव्हे. शिवाय संबंधित गोदामाने प्रोत्साहनाचा लाभ घेतला आहे का, हे जिल्हा उद्योग केंद्रातून आधी समजून घ्यावे लागते. अपुऱ्या माहितीवर बैठकीत आवाज चढवला तर समोरच्याला विषय झटकणे सोपे जाते. त्यापेक्षा ‘आमच्याकडे कागदपत्रांसह साठ जणांची यादी तयार आहे, त्यांतील बावीस महिला आहेत, दहा जणांकडे वाहन परवाना आहे’ असे सांगणारा सरपंच कोणत्याही व्यवस्थापकाला हवाहवासा वाटतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. फाटक अडवून, गाड्या रोखून, ‘आमच्याच माणसाला ठेका द्या’ असा दबाव आणून जो रोजगार मिळतो तो गावाला मिळत नाही, एका-दोघांना मिळतो. बाकीचे त्या एका-दोघांच्या मर्जीवर राहतात आणि त्यांच्या मजुरीतून कपात होते. माथाडी कायद्याच्या नावाखाली खंडणी वसूल केली जाते अशा तक्रारी राज्यात गाजल्या आहेत. त्याने बदनाम झाला तो एक अतिशय चांगला कायदा. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडी कामगारांच्या लढ्यातून १९६९ साली हा कायदा आला. माल चढवण्या-उतरवण्याचे काम करणाऱ्याने माथाडी मंडळाकडे नोंद करायची, मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के आकार, मंडळात भरायची आणि कामगाराला मजुरी, रजा, बोनस, भविष्य निर्वाह निधी मंडळामार्फत मिळायचा, अशी ती व्यवस्था आहे. गावातली मुले लोडिंग-अनलोडिंग करणार असतील तर त्यांची नोंद मंडळाकडे व्हावी हीच मागणी करावी, आणि मध्यस्थ कोणी नसावा.

ठेकेदाराविषयी गावाला वाटणारी भीती अनाठायी नाही, परंतु कायद्याने एक पक्का आधार दिलेला आहे: ठेकेदाराने वेतन थकवले तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे ज्याचे काम चालले आहे त्या आस्थापनेवर येते. म्हणून बैठकीच्या इतिवृत्तात ठेकेदाराचे नाव, त्याचा परवाना क्रमांक आणि भविष्य निर्वाह निधीचा नोंदणी क्रमांक लिहून घ्यावा.

पहिल्या महिन्याची पगारपावती

नोकरी लागली म्हणजे काम संपले असे मानू नये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता अमलात आल्या आणि प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र देणे त्यांत बंधनकारक आहे. पत्र नसेल तर गोदामाचे ओळखपत्र, हजेरीचे संदेश आणि बँकेतील जमा नोंदी जपून ठेवाव्यात. रोखीने पगार घेऊ नये.

पावती कशी वाचावी हे एका उदाहरणाने समजते. समजा एका पुरुष कामगाराचे एकूण वेतन १८,००० रुपये आहे आणि त्यातील १५,००० रुपयांवर भविष्य निर्वाह निधी कापला जातो. १२ टक्क्यांप्रमाणे ही कपात १,८०० रुपये होते. राज्य कामगार विम्याचे ०.७५ टक्के म्हणजे १३५ रुपये आणि व्यवसाय कर २०० रुपये. हातात १५,८६५ रुपये आले पाहिजेत. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० रुपये असतो, त्यामुळे त्या महिन्यात शंभर रुपये कमी दिसतील. महिलांना दरमहा २५,००० रुपयांपर्यंत व्यवसाय कर नाही, म्हणून त्याच पगारावर महिलेच्या हाती १६,०६५ रुपये पडायला हवेत. याखेरीज ‘गणवेश’, ‘सेवा शुल्क’, ‘वाहन’ अशा नावांनी कपात दिसली तर तिचा लेखी आधार मागावा. नोकरी लावून देण्याबद्दल कोणी पैसे मागत असेल तर ते सरळ नाकारावेत.

कपात झाली म्हणजे पैसे जमा झालेच असे नाही. कामगाराचे १२ टक्के आणि मालकाचे (भविष्य निर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन मिळून) १२ टक्के जमा होत आहेत का, हे सरकारच्या उमंग ॲपवर आपल्या यूएएन, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या कायम, क्रमांकाने दर महिन्याला पाहता येते. पहिल्या तीन महिन्यांत हे पाहण्याची सवय लावावी, कारण चूक तेवढ्यात उघडकीस आली तर दुरुस्त होते. विम्याचेही तसेच. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना राज्य कामगार विमा लागू असतो, मालक ३.२५ टक्के भरतो, आणि विमा क्रमांकावर कामगाराबरोबर कुटुंबालाही उपचार मिळतात. घरी आजारी आईवडील असलेल्या मुलाला याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. जादा काम केले तर त्याचा मोबदला नेहमीच्या दराच्या दुप्पट मिळाला पाहिजे.

प्रथमच नोकरीला लागणाऱ्यांसाठी प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनाही पाहावी. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात पहिल्यांदा भविष्य निर्वाह निधीत नोंद झालेल्या आणि दरमहा १ लाखापर्यंत वेतन असलेल्या कर्मचाऱ्याला एका महिन्याच्या वेतनाइतकी, कमाल १५,००० रुपये, रक्कम दोन हप्त्यांत मिळते. पहिला हप्ता सहा महिन्यांच्या सेवेनंतर आणि दुसरा बारा महिन्यांनंतर, आर्थिक साक्षरतेचा छोटा अभ्यासक्रम पुरा केल्यावर मिळतो. नोकरी पाचव्या महिन्यात सोडणाऱ्याला हा लाभ मिळत नाही, हे मुलांना मुद्दाम सांगावे.

महिलांसाठी वेगळी तयारी

पॅकिंग, तपासणी, परत आलेला माल आणि साठ्याची मोजणी या विभागांत महिला मोठ्या संख्येने काम करू शकतात. त्या येत नाहीत याचे कारण बहुतेक वेळा काम नसते, रस्ता असतो. महामार्गापासून गोदामापर्यंतचा दीड-दोन किलोमीटरचा अंधारा सर्व्हिस रस्ता, अवजड वाहनांची वर्दळ आणि पाळी सुटल्यावर न मिळणारी रिक्षा. ग्रामपंचायतीच्या हातात असलेले सर्वांत परिणामकारक काम येथे आहे: त्या रस्त्यावर दिवे लावणे आणि कंपनीच्या बसचा थांबा गावात यावा म्हणून आग्रह धरणे. रात्रपाळीला महिलेची संमती आणि तिच्या सुरक्षिततेची व शक्यतो दारापर्यंतच्या वाहनाची सोय आवश्यक असते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती, आणि पन्नास किंवा अधिक असतील तर पाळणाघर, हे कायद्याचे दंडक आहेत. समितीच्या सदस्यांची नावे भिंतीवर लावलेली आहेत का, हे कामावर गेलेल्या पहिल्या महिलेने पाहून बचत गटाला कळवावे.

पिकरपासून पुढे

गोदामातल्या नोकरीत खरी वाढ तीन वाटांनी होते. रीच ट्रक किंवा फोर्कलिफ्ट या माल उचलणाऱ्या गाड्या चालवण्याचे प्रशिक्षण ही पहिली वाट. उंच रॅकवरचे पॅलेट, म्हणजे माल रचलेली फळी, काढणारा कुशल चालक सहज मिळत नाही, त्यामुळे त्याचा पगारही वरचढ असतो आणि एक गोदाम बंद झाले तरी दुसरे दार उघडे राहते. दुसरी वाट साठा नियंत्रणाची. प्रणालीत दिसणारा साठा आणि रॅकवर असलेला साठा यांतील तफावत शोधणाऱ्याला संगणकावर तक्ते हाताळता आले पाहिजेत, आणि तालुक्यातल्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे तीन महिन्यांत शिकता येते. तिसरी वाट पट्टे, मोटारी आणि सेन्सर यांच्या देखभालीची, जी आयटीआयवाल्यांसाठी आहे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के, दरमहा कमाल १,५०० रुपये, वाटा उचलते, तेव्हा या पदांवर शिकाऊ उमेदवार घ्यावेत अशी सूचना बैठकीत आवर्जून मांडावी.

गोदामाबाहेर उभा राहणारा रोजगार, म्हणजे खानावळ, टेम्पो, लाकडी पॅलेटची दुरुस्ती, कामगारांना भाड्याच्या खोल्या, हा आपल्या गतीने वाढतोच. बचत गटाने डब्यांचे काम घ्यायचे असेल तर अन्नसुरक्षा नोंदणी करून आणि देयकाची मुदत लेखी ठरवूनच घ्यावे, कारण तीन महिने थकलेले देयक लहान गटाला मोडून टाकते.

नोकरी सोडताना

ठेकेदार बदलतो तेव्हा माणूस तोच राहतो, जागा तीच राहते, पण कागदोपत्री सेवा तुटते. अशा वेळी जुन्या ठेकेदाराकडून अनुभवाचे पत्र आणि थकीत रजेचा, बोनसचा हिशेब लेखी घ्यावा, आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख बरोबर पडली आहे का ते पाहावे. नव्या ठेकेदाराला तोच यूएएन द्यावा. नवा क्रमांक काढू देऊ नये. खात्यातले पैसे लगेच काढून घेण्याचा मोह अनेकांना होतो, मात्र निवृत्तिवेतनासाठी एकूण दहा वर्षांची सेवा लागते आणि निवृत्तिवेतनाचा हिस्सा काढला की मागची वर्षे त्यात मोजली जात नाहीत, म्हणून रक्कम नव्या खात्याला जोडून घ्यावी. ग्रामपंचायतीच्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे ठेकेदाराचे नाव, रुजू झाल्याची तारीख आणि सोडल्याचे कारण लिहिण्यासाठी रकाने ठेवावेत. पुढच्या जूनमध्ये नवी यादी करताना कोणत्या ठेकेदाराकडे मुले टिकली आणि कोणाकडून परत आली, हे त्याच रकान्यांवरून कळते, आणि व्यवस्थापनाशी होणारी पुढची बैठक त्याच कागदापासून सुरू करता येते.